पगार चांगला असूनही लोक नोकरी का सोडतात? त्यांना टिकवायचं कसं?

राजीनाम्यात 'वैयक्तिक कारण' लिहिलेलं असतं, त्यावर फार विसंबू नका. जाताना कोण कशाला वाईटपणा घेईल?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्गने सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंटच्या मुलाखती घेऊन 1959 मध्ये मांडलेली गोष्ट इथे कामाची आहे. पगार, नियम, वरिष्ठांची वागणूक बिघडली की माणूस वैतागतो. पण ती नीट असली म्हणून कामात रमतोच असं नाही. रमण्यासाठी जबाबदारी, कौतुक आणि पुढे जायची वाट लागते. म्हणजे पगार कमी असेल तर आधी तो सुधारा, बाकी गप्पा नंतर.

मी स्वतः एक नोकरी सोडली ती पगारासाठी नव्हे. तीन आठवडे खपून केलेला रिपोर्ट साहेबांनी मीटिंगमध्ये स्वतःच्या नावावर खपवला. मी समोरच बसलो होतो. त्या रात्री बायोडेटा अपडेट केला.

राजीनामा आल्यावर पगारवाढ देऊन थांबवणं मला तरी पटत नाही. 'आधी का नाही दिली?' हे मनात राहतंच, शिवाय शेजारच्या टेबलावरचाही धडा घेतो.

त्यापेक्षा जे अजून टिकून आहेत त्यांना दर दोन-तीन महिन्यांनी एकट्याने भेटून विचारा: कामात काय खुपतंय, काय शिकायचंय? आणि ऐकलेल्यातली एक तरी गोष्ट लगेच करा. नुसतं वहीत लिहून ठेवणार असाल तर विचारूच नका.