वाचकांचे प्रश्न : शिबिराचे पत्रक आणि योग्य शब्द

प्रश्न : आमच्या मंडळाने पाटण येथे तपासणी व साहित्य वाटपाचे शिबिर ठरवले आहे. पत्रकाच्या मसुद्यात ‘अपंग व मूकबधिर बांधवांचे पुनर्वसन’ असे लिहिले होते. त्यातील ‘अपंग’ला एका सभासदाने हरकत घेतली, तर त्याऐवजी सुचवलेला ‘दिव्यांग’ दुसऱ्याला रुचला नाही. मंचावरून लाभार्थ्यांची नावे अपंगत्वाच्या टक्केवारीसह वाचण्याची आमची पद्धत आहे. योग्य काय?
– एक वाचक, पाटण (जि. सातारा)

उत्तर : दोन्ही हरकतींत तथ्य आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्याच्या काळात सरकारी मराठीत ‘अपंग’ हा शब्द रूढ होता; २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि आता शासकीय कागदपत्रांत ‘दिव्यांग’ हाच शब्द असल्याने पत्रकातही तोच सोयीचा. मात्र ‘दिव्य’ म्हटल्याने हक्कांचा प्रश्न गुणगानात विरून जातो, असे मानणारे कार्यकर्ते आहेत. ते स्वतःला ‘अपंग’ किंवा ‘विकलांग’ म्हणवत असतील तर त्यांच्याशी बोलताना त्यांचाच शब्द वापरावा.

‘मूकबधिर’ मात्र वगळावा. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बहुतेकांचे स्वरयंत्र शाबूत असते. आवाज कानावर पडत नसल्याने बोलणे विकसित होत नाही, आणि त्यांतील पुष्कळजण सांकेतिक भाषेत सफाईने संवाद साधतात. ‘कर्णबधिर’ पुरेसे आहे. एखाद्या शाळेच्या नोंदणीकृत नावात जुना शब्द असल्यास ते नाव अर्थातच बदलू नये. ‘मतिमंद’ऐवजी ‘बौद्धिक दिव्यांगत्व असलेली व्यक्ती’ असे लिहावे आणि त्यात मानसिक आजार मिसळू नये, कारण २०१६ च्या कायद्यातील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत हे दोन वेगळे आहेत.

‘पुनर्वसन’ शास्त्रशुद्ध असले तरी कोयनेच्या खोऱ्यात तो शब्द ऐकताच धरणग्रस्तांची जमीन आणि गावठाण आठवते. त्यापेक्षा कृत्रिम पाय, कॅलिपर (पायाला आधार देणारे साधन), श्रवणयंत्र, फिजिओथेरपी, वाचा-उपचार यांपैकी काय मिळणार ते सरळ छापावे. त्यावरूनच माणसे यायचे की नाही ते ठरवतील.

टक्केवारी वाचण्याची पद्धत आमच्या मते तातडीने बंद करावी. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आरक्षणासारख्या लाभांच्या पात्रतेसाठी आहे. ती नोंदणीच्या टेबलावर तपासली की तिचे काम संपले, मग भोंग्यावरून ती गावाला कशासाठी सांगायची? मंचावरील थट्टेबाबतही निवेदकाला आधीच सांगून ठेवावे, कारण दिव्यांग व्यक्तीचा लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमान करणे हा याच २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ नुसार सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंडाची शिक्षा असलेला गुन्हा आहे. ‘व्हीलचेअरला जखडलेले’ हे निवेदकांचे आवडते वाक्यही काढावे, कारण त्या खुर्चीमुळेच माणूस हिंडूफिरू शकतो.

सभागृहाला व्हीलचेअरसाठी उतार (रॅम्प) आहे का, दिव्यांगांना वापरता येईल असे शौचालय आहे का आणि सांकेतिक भाषेचा दुभाषी असेल का, ही माहिती प्रमुख पाहुण्यांच्या नावांच्या वर छापावी.