नवीन फोन साध्या वापरातच तापतोय. बदलून घेऊ की थोडे दिवस थांबू?

तुम्ही लिहिलंय की फोन घेऊन दहा दिवस झाले, गेम खेळत नाही, नुसतं व्हॉट्सअॅप, फोन आणि थोडं यूट्यूब, तरी पाठ चटका बसावा इतकी तापते, आणि घरातले म्हणतात फ्रीजमध्ये ठेव. बाकीचं नंतर बोलू. आधी तो फोन फ्रीजपासून लांब ठेवा. माझा फोन याच सल्ल्यात नासला. सल्ला देणारे आमचे दाजी अजून ते मान्य करत नाहीत, त्यामुळं हे उत्तर लांबणार.

मी बेळगावला उद्यमबागेत फौंड्रीत आहे. चौदाशे डिग्रीच्या आसपासचं लोखंड रोज डोळ्यासमोर ओतलं जातं, त्यामुळं एखादी वस्तू तापली म्हणून घाबरणाऱ्यातला मी नव्हे. पण तापली तर उष्णता येते कुठून आणि तिला बाहेर जायला वाट आहे का, हे बघायची सवय लागून गेलीय. घर जांबोटीच्या बाजूला, खानापूर तालुक्यात. रोज मोटरसायकलनं ये-जा.

गेल्या वर्षी जुलैत भिशी लागली आणि बेळगावातच साडेसतरा हजाराचा फोन घेतला. पहिले दोन-तीन दिवस तापला, त्याचं काही वाटलं नाही. जुन्या फोनातलं सगळं नव्यात यायचं असतं, व्हॉट्सअॅपचा बॅकअप उतरत असतो, फोटो लागत असतात, अॅप एकामागून एक अपडेट होत असतात. आपण फोन टेबलावर ठेवून चहा पीत असलो तरी आत त्याची कामं चालूच. पण आठवडा गेला, पंधरा दिवस गेले, तरी संध्याकाळी घरी आलं की फोन गरम. आणि दिवस कसले, आषाढ-श्रावणातले. आमच्याकडं त्या दिवसांत भिंतीला ओल येते, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. हवेत गारठा आणि खिशात निखारा.

गणपतीला आक्का आणि दाजी गडहिंग्लजहून आले. आरतीच्या वेळी पुण्याच्या भाच्याला व्हिडिओ कॉल लावून दिला होता. फोन चार्जिंगला, त्यावर पाकिटासारखं उघडझाप कव्हर आणि रेंजची एकच काडी. दहा मिनिटांत स्क्रीन अंधूक झाली आणि फोन तापलाय, थंड होऊ द्या, असा मेसेज आला. दाजी म्हणाले, "आरं फ्रीजला ठीव की. पाच मिनटात गार हुतोय बघ." मी नको म्हटलं. माझ्या हातात कापराची आरती, मागं पोरांच्या झांजा. दाजींनी कव्हर काढलं आणि फोन सरळ वरच्या फ्रीजरमध्ये, खवलेल्या नारळाच्या डब्यावर नेऊन ठेवला.

आमच्याकडच्या आरत्या एकदा सुरू झाल्या की पाच मिनिटांत संपत नाहीत. पाऊण तासानं आक्का नारळ घ्यायला गेली आणि तिथूनच ओरडली, "ह्यो फोन कुणाचा रे नारळावर?"

बाहेर काढला तेव्हा पाठीवर पांढरी साय धरल्यासारखं दव गोठलेलं. स्वयंपाकघरात भात शिजत होता, बाहेर पाऊस. मिनिटभरात फोन असा निथळायला लागला, जसा काय विहिरीतून काढलाय. कॅमेऱ्याच्या काचेला आतून वाफ. चहाच्या कपावर चष्मा धरला की येते ना, तशी. फक्त ही पुसता येत नव्हती. दाजींनी टॉवेलनं वरवर पुसला आणि "बघ, झाला का न्हाई गार?" म्हणत परत चार्जिंगला लावला. लगेच स्क्रीनवर पाण्याच्या थेंबाचं चित्र आणि टूं-टूं आवाज.

गरम कास्टिंगवर, म्हणजे साच्यात ओतून काढलेल्या लोखंडी वस्तूवर, पाणी मारलं तर ते तडकतं, हे आमच्याकडं नवीन आलेल्या हेल्परलाही पहिल्या दिवशी सांगतात. कास्टिंग आपल्या आपण निवू द्यायचं. फोनचंही तेच, वर आणखी बाष्पाची भानगड. गार वस्तू दमट हवेत आली की तिच्यावर पाणी सुटणारच. ते बाहेरच्या काचेवर सुटतं तसं आतही सुटतं.

वाफ दोन दिवसांनी गेली, पण कॅमेऱ्यावर एक डाग ठेवून गेली. मार्गशीर्षात चुलतभावाचं लग्न झालं, त्याच्या प्रत्येक फोटोत नवरीच्या डाव्या खांद्यावर ढग आहे. आणि तापणं? ते होतं तसंच.

सर्व्हिस सेंटरला नेला. पोरानं सिमचा ट्रे काढला, आत टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला, "वॉटर डॅमेज आग्येद री सर." म्हणजे पाण्यानं खराब झालाय. आत एक पांढरी पट्टी असते, ओल लागली की ती लाल होते. माझी लाल झालेली. म्हणजे वॉरंटी गेली. मी कन्नडमध्ये सांगितलं, मराठीत सांगितलं, की पाण्यात पडला नाही, फ्रीजमध्ये ठेवला होता. फ्रीजला कन्नडमध्येही फ्रीजच म्हणतात, त्यामुळं समजावायला अडचण आली नाही. उपयोगही झाला नाही.

दाजींचं म्हणणं वेगळंच. "तू पावसातनं फटफटीवर हिंडतोस, तवाच भिजला आसंल. आणि मी तुला म्हटलं हुतं न्हवं, कोल्हापुरात घे म्हणून? बेळगावात दुसऱ्या नंबरचा माल देत्यात." हे वाक्य मी गेली बारा वर्षं ऐकतोय, फक्त वस्तू बदलते. मी आधी चार वर्षं कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होतो. वडिलांचं दुखणं निघालं म्हणून परत आलो. तेव्हापासून माझी मोटरसायकल, माझा फ्रीज, पोरीची शाळा, जे काही बिघडेल ते कोल्हापूर सोडल्यामुळं बिघडलंय. अहो, फोन कारखान्यातून सीलबंद खोक्यात येतो. त्याला काय माहीत आपण कागलच्या अलीकडं विकले गेलो की पलीकडं? वॉरंटी भारतभर तीच असते. तुम्हालाही असं कुणी सांगत असेल तर कानाआड करा.

माझा फोन नेमका कशानं तापत होता ते मी स्वतः शोधलं, आणि याचा मला अभिमान आहे. आमच्या कारखान्यात तापमान बघायची गन असते, लांबून लाल ठिपका मारला की आकडा येतो. सुपरवायझरना विचारून शनिवारी घरी नेली. चकचकीत धातूवर ही गन खोटा, कमी आकडा दाखवते, म्हणून फोनच्या पाठीवर कागदी टेपचा तुकडा चिकटवला आणि दर वेळी ठिपका त्यावरच धरला. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं यूट्यूब बघून चौतीस डिग्री. रात्री घरी तोच व्हिडिओ, तेवढाच वेळ, चव्वेचाळीस. फोन तोच, अॅप तेच, आणि घरची हवा कंपनीपेक्षा गारच. मग कंपनीत उतरवून आणलेला व्हिडिओ घरी विमान मोडवर बघितला. पस्तीस.

म्हणजे चित्र दाखवायला फोन तापत नव्हता. तो टॉवर शोधून तापत होता. रेंज कमी असली की फोनला टॉवरपर्यंत पोचायला जास्त जोर लावावा लागतो, लांबच्या माणसाला हाक मारताना आपण घसा ताणतो तसा. आमच्याकडं पावसाळ्यात लाईट गेली की थोड्या वेळानं टॉवरचीही बॅटरी बसते, मग विचारूच नका. त्यात फोन ५जीवर ठेवलेला. ५जी आमच्या वाटेवर पिरनवाडीला मिळतं, किणयेच्या पुढं येतं-जातं, घरी नाहीच. फोन बिचारा रात्रभर वर-खाली.

आणि खरी गंमत दुसऱ्या सिमची. माझ्या फोनात दोन सिम. एक इथलं, दुसरं शिरोलीत असताना घेतलेलं, महाराष्ट्राचा नंबर. परत आल्यावर मी ते बंद करणार होतो, तर दाजी म्हणाले, "आसू दे, महाराष्ट्राचा नंबर हाय." खोटं कशाला बोलू, मलाही तो सोडवत नव्हता. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पण त्या कंपनीचा टॉवर आमच्या गावाजवळ नाही. ते सिम घरी आल्यापासून सकाळपर्यंत 'सेवा नाही' दाखवत नुसतं धुंडाळत असायचं. सेटिंगमध्ये ते बंद केलं, इथलं सिम ४जीवर बांधून टाकलं, कव्हर काढलं, आणि रात्री तोच व्हिडिओ लावला. सदतीस. कव्हर घालून परत मोजलं तर चाळीस. साच्यातल्या वाळूचं जे काम, तेच त्या कव्हरचं, ऊब धरून ठेवायचं.

म्हणजे तापवणारं सिम दाजींच्या आग्रहाचं, आणि फ्रीजरही दाजींनीच उघडलेला. हे मी त्यांना आकड्यांसकट सांगितलं. ते म्हणाले, "गन बिघडली आसंल."

आता तुमचं. तुमचा फोन घरात तापतो की बाहेरही, हे आधी बघा. दोन सिम असतील तर एक दिवस एकच चालू ठेवा. रेंज कमी असेल तर ५जी काढून ४जीवर ठेवा, आणि घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वायफायवरून फोन लावायची सोय, चालू करा. सेटिंगमध्ये बॅटरी कोण खातंय याची यादी असते, तिथं एखादं अॅप न वापरता वर बसलेलं दिसलं तर काढून टाका. फोन थंड करणारी अॅप टाकू नका, ती स्वतःच तापवतात. दर पाच मिनिटांनी सगळी अॅप सरकवून बंद करायची खोडही सोडा, परत उघडताना फोनला जास्तच काम. फास्ट चार्जिंगला थोडा तापणारच, पण तेव्हा व्हिडिओ कॉल नको आणि उशीखाली तर नकोच. अपडेट आला असेल तर घ्या. २०२३ साली आयफोन १५ प्रो तापायच्या तक्रारी आल्या होत्या, लाखाच्या पुढचा फोन, आणि अॅपलनं ऑक्टोबरात अपडेट देऊन ते सुधारलं. तेव्हा स्वस्तातला घेतला म्हणून तापतो, असं कुणी म्हणालं तर तेही ऐकू नका.

बऱ्याच कंपन्या फोन पस्तीस डिग्रीपर्यंतच्या हवेत वापरायला सांगतात. तुम्ही अथणी-रायबागकडचे असाल तर एप्रिलात हवाच त्याच्या वर जाते. तेव्हा गाडीच्या काचेजवळ फोन लावून नकाशा चालू ठेवलात तर त्याला दोष देऊ नका.

एवढं करूनही, काही न करता पडलेला फोन तापत असेल तर मात्र थांबू नका. दुकान किंवा ऑनलाइनवाल्याची बदलून द्यायची मुदत बघा, ती बऱ्याचदा आठवड्याचीच असते, दहा दिवस झालेत म्हणजे कदाचित गेलीही असेल. मग सर्व्हिस सेंटरला जा आणि तक्रार लेखी घ्या, जॉबशीटवर, म्हणजे फोन जमा करताना ते देतात त्या कागदावर, 'तापतो' हा शब्द लिहून घ्या. दाद दिली नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, फोन कुठंही घेतलेला असो. कोल्हापुरात घेतला तरी बेळगावात. हेही दाजींना सांगून झालंय.

हे आधी लिहायला हवं होतं: पाठ फुगली असेल, स्क्रीन कडेनं उचलली असेल किंवा गोडसर, थिनरसारखा वास येत असेल तर वरचं सगळं विसरा. फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, घरात कोपऱ्यात ठेवू नका, थेट सेंटरला न्या. २०१६ साली सॅमसंगला नोट ७ सगळे परत घ्यावे लागले ते बॅटरीतच दोष होता म्हणून. ते दुखणं सिम बंद करून बरं होत नाही. आणि मी फौंड्रीवाला, मोबाइल मेकॅनिक नव्हे, माझे आकडे माझ्या फोनचे.

दुसरं सिम फेकायची गरज नाही. मी माझा कोल्हापूरचा नंबर इथं टॉवर असलेल्या कंपनीत पोर्ट केला. १९०० वर मेसेज पाठवायचा, परत आलेला कोड दुकानात द्यायचा. २०१५ पासून दुसऱ्या राज्यातही नंबर तोच राहतो, फक्त राज्य बदलताना पाच कामाचे दिवस लागतात. पण पोर्ट करायच्या आधी सिम नुसतं बंद ठेवणार असाल तर त्या नंबराला काय काय जोडलंय ते बघून घ्या. मी तीन आठवडे ठेवलं होतं. आईचं गॅस कनेक्शन त्याच नंबरावर निघालं, ओटीपी येईना, सिलिंडर मिळेना. शेवटी चूल पेटवली, आणि नेमका त्याच दिवशी आक्काचा फोन आला.