संवर्धक लावलेल्या रोपाचं मूळ आखूड का दिसतं?

प्रश्न : मक्याच्या निम्म्या बियाण्याला अ‍ॅझोस्पिरिलम हे जिवाणू संवर्धक लावून पेरलं, निम्मं तसंच पेरलं. बारा दिवसांनी दोन्हीकडची रोपं उपटून पाहिली, तर संवर्धक लावलेल्यांचं मुख्य मूळ आखूड. जिवाणूंनी मूळ मारलं का?

उत्तर : नाही. तुलनेसाठी निम्मं बियाणं बिनप्रक्रियेचं ठेवलंत, हे फार चांगलं केलंत. पण रोप उपटू नका. उपटताना बारीक मुळ्या मातीतच तुटून राहतात आणि जिवाणूंचं काम नेमकं त्यांच्यावरच दिसतं. रोप ढेकळासकट खणून काढा, बादलीत अर्धा तास भिजत ठेवा, मग माती हळूच सोडवून मुळांचे फाटे आणि त्यांच्यावरची लव बघा.

अ‍ॅझोस्पिरिलम म्हणजे हवेतला नत्र बांधणारा जिवाणू, एवढंच आपण सांगत आलो. माझ्या मते मुळांची ठेवण बदलणं हे त्याचं जास्त मोलाचं काम आहे. मुळातून पाझरणाऱ्या रसावर तो जगतो आणि ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक तयार करतो. हेच संप्रेरक रोप स्वतःही बनवतं. त्याची भर पडली की मुख्य मुळाची लांबी मंदावते, बाजूचे फाटे आणि लव वाढते. पाणी आणि स्फुरद ओढायला लवेचा मोठा आधार असतो, म्हणून लव दाट असेल तर आखूड मुळाची काळजी नको. मात्र ऑक्झिन फार झालं तर मूळ खुरटतं. पाकिटावर किलोला 25 ग्रॅम लिहिलं असेल तर 50 लावू नका. बुरशीनाशक आधी, संवर्धक शेवटी, आणि बी सावलीत सुकवा.

संदेश रोपाकडूनही जातात. स्फुरद कमी पडला की मूळ स्ट्रायगोलॅक्टोन गटातले संदेश देणारे पदार्थ सोडतं. त्याने रोपाला स्फुरद पुरवणाऱ्या मायकोरायझा बुरशीचे धागे फांद्या फोडतात आणि मुळाशी जोडले जातात. टारफुला या पिकाच्या मुळांवर जगणाऱ्या परजीवी तणाचं बीही याच संदेशावर उगवतं. या गटातला पहिला पदार्थ त्यामुळेच 1966 साली हाती लागला. बुरशीशी असलेलं नातं 2005 साली उलगडलं. स्फुरद गरजेपेक्षा जास्त टाकला तर हा संदेशच कमी होतो, म्हणून माती परीक्षण करूनच मात्रा ठरवा.

खणून काढल्यावरही लव विरळ आणि मूळ जाड, आखूड दिसलं, तर संवर्धकाला दोष देण्याआधी जमीन दबली आहे का ते तपासा. दबलेल्या मातीत मुळातून निघणारा इथिलीन वायू बाहेर पडत नाही, मुळाभोवतीच कोंडतो आणि वाढ रोखतो.