टीचर, तुमच्या टेबलावर काय असतं?

प्रश्न : टीचर, मी पेडण्याहून लिहितेय. यंदा बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. आतेभावाचा जुना लॅपटॉप मिळालाय. बाबा म्हणतात, आणखी तीन हजारांपर्यंत काय लागेल ते घे. विज्ञान-गणिताच्या कामाला तुम्ही रोज काय वापरता? मी त्यातलं काय घेऊ?

उत्तर : बाय, लॅपटॉप आहे म्हणजे मोठा खर्च टळला. तो जुना असला तरी चालेल. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा त्यावर धावेल, आणि आलेख-आकृत्या काढायचं जिओजेब्रा फुकट आहे. साल्झबर्गच्या विद्यापीठात शिकताना मार्कुस होहेनवार्टरने ते सुरू केलं. वक्राला स्पर्शिका काढून बिंदू बोटाने सरकवून बघ, म्हणजे डेरिव्हेटिव्ह पाठ करावं लागणार नाही.

पण माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त झिजते ती शिसपेन्सिल. फोंड्याच्या पावसात जेलपेनची शाई वहीभर पसरते, पेन्सिलीची रेघ जागची हलत नाही. आणि त्या पेन्सिलीने मी पहिली गोष्ट लिहिते ती समासात : उत्तर साधारण किती येईल याचा अंदाज. आकडेमोड त्यानंतर.

ही खोड लॉग टेबलाची. गुणाकाराची बेरीज करून देणारे लॉगरिदम नेपियरने १६१४ साली छापले, आम्ही ते पार बारावीपर्यंत वापरले. टेबलात मिळायचे फक्त दशांशचिन्हापुढचे आकडे. उत्तर दहात की हजारात, ते आपलं आपण ठरवायचं. कॅल्क्युलेटर आला, तशी ती सक्ती गेली. टेबलं गेल्याचं मला दुःख नाही, डोळे फुटायची वेळ यायची. सक्ती गेली त्याचं आहे.

समासातल्या अंदाजाने माझी एकदा लाज राखली. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मुलांना घेऊन आगरवाड्याच्या मिठागरात गेले होते. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर होता : काचेवर पाण्याचा थेंब ठेवायचा, उजेडाकडे धरायचं, निळ्या-पांढऱ्याची सीमा कुठे येते ते वाचायचं. समुद्राचं पाणी हजारी ३५च्या, म्हणजे हजार ग्रॅमला ३५ ग्रॅम मिठाच्या, आसपास येतं. आमच्या उपकरणाची पट्टी १०० वर संपत होती, आणि मीठ धरू लागलेल्या कोंडीतलं पाणी घातल्यावर सीमाच दिसेना. म्हणून मी दहा मिलिलिटर पाण्यात नव्वद मिलिलिटर साधं पाणी घातलं. वाचन आलं ३०. दहाने गुणून ३०० लिहिलं, आणि मुलांनीही उतरवून घेतलं.

समासात मात्र माझ्याच हाताने लिहिलेलं होतं : "२६५च्या खाली". शंभर ग्रॅम पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, म्हणजे हजार ग्रॅम द्रावणात २६५च्या आत. मग ३०० आलं कुठून? मापातून. दाट पाणी दहा मिलिलिटर घेतलं, तरी त्याचं वजन दहा ग्रॅम नव्हे, जवळजवळ बारा ग्रॅम. मिश्रण १०२ ग्रॅमचं झालं, त्यात मीठ तीन ग्रॅमच्या जरा वर, आणि ते सगळं त्या बारा ग्रॅमांतलं. उत्तर २५५. काजूच्या भट्टीवर हुराक-फेणीचे ग्राव (दारूची तेजी) बघायला जी काचेची नळी तरंगत ठेवतात, तिच्याच जातीचा हायड्रोमीटर आधी टाकला असता, तर घनता १.२ कळून हा घोळ झालाच नसता. असो.

तेव्हा पहिली खरेदी म्हणून ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा खिशातला काटा घे. हजाराच्या आत येतो. तो खरा की खोटा, हे नाण्याने तपास. २०११च्या मालिकेतलं रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं असतं. एकावर भरवसा ठेवू नको, दहा ठेव. नाणी हाताळून झिजतात, आणि त्या झिजेलाच आपल्या कोसबेंत १९०७ साली जन्मलेल्या दामोदर कोसंबींनी संख्याशास्त्र लावलं. जुनी आहत (ठसे मारलेली) नाणी काट्यावर तोलून तोलून ती किती काळ चलनात फिरली असतील, याचा हिशेब मांडला. गणिती माणूस, पण हाताशी तराजू.

पावसाळ्यात काट्यावर मीठ उघडं ठेवलंस, तर आकडा डोळ्यांदेखत चढेल. काटा बिघडलेला नाही. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढतं, आणि जुलैत आपल्याकडे ती वरच असते. झाकणाची बाटली वापर.

उरलेल्या पैशांत आलेखाची वही आणि चांगली फूटपट्टी. वाचनं मुळात वहीत, स्प्रेडशीटमध्ये नंतर, कारण स्प्रेडशीट शहाणपणा करतं. मी नमुन्याला "३-४" नाव दिलं, त्याने तारीख करून टाकली. जनुकशास्त्रवाल्यांचे याने इतके हाल झाले, की २०२० मध्ये "मार्च १" सारखी जनुकांची नावंच अधिकृतपणे बदलावी लागली. त्या रकान्याला आधी "टेक्स्ट" करून घे.

प्रश्न : डिचोलीत गणित शिकवतो. मराठीत प्रश्नपत्रिका टाइप करताना अपूर्णांक आणि वर्गमुळं वाकडी येतात. काय करू?

उत्तर : सर, लाटेक शिका, म्हणजे गणिताचा मजकूर नीट मांडून देणारी संगणकप्रणाली, आणि त्यातलं झीलाटेक घ्या. ते युनिकोड देवनागरी सरळ वाचतं, जोडाक्षरं मोडत नाहीत. पहिले पंधरा दिवस शिव्या द्याल. डोनाल्ड क्नूथने याचा पाया, टेक, रचला तो स्वतःच्या पुस्तकाची प्रुफं कुरूप आली म्हणून. त्याच्या आवृत्तीचा क्रमांक दर दुरुस्तीला पायच्या (π) एकेका अंकाने पुढे सरकतो : ३.१४, ३.१४१, असा. पहिल्या पेपराची फाइल जपून ठेवा, पुढच्या वर्षी फक्त आकडे बदलायचे.