आजोबा ‘लॉस्ट’ कसे होतील?

प्रश्न : माझा नातू सातवीत आहे. इंग्रजीच्या निबंधात त्याने लिहिलं, ‘आय लॉस्ट माय ग्रँडफादर लास्ट जून.’ जूनमध्ये माझे यजमान गेले. ते वाक्य वाचून मला कसंसंच झालं. छत्री हरवावी तसे आजोबा हरवले का? बाईंनी तर वाक्यापुढे बरोबरची खूण केली आहे. ‘डाइड’ असा सरळ शब्द असताना हा ‘लॉस्ट’ कशाला? या शब्दाचे नेमके अर्थ तरी किती आहेत?

उत्तर : तुमच्या नातवाचं वाक्य बिनचूक आहे. ‘माय ग्रँडफादर डाइड’ लिहिलं असतं तरी चाललं असतं, पण त्या वाक्यात फक्त आजोबांबद्दलची माहिती आली असती. ‘आय लॉस्ट’ म्हटल्यावर आजोबा जाण्याने त्या मुलाचं काय गेलं, हेही त्यात आलं. सातवीतल्या मुलाने दोन वाक्यांतून हे वाक्य निवडलं, याचं मला फार कौतुक वाटलं.

तुम्हाला ते खटकलं, त्याचं कारण आपल्या व्याकरणात आहे. मराठीत जे गेलं तेच बहुधा वाक्याचा कर्ता होतं. पेन हरवलं, किल्ली सापडत नाही, कागद गहाळ झाले, वडील गेले. ज्याचं गेलं तो माणूस ‘माझं’, ‘त्याचे’ एवढ्यापुरता बाजूला उभा असतो. इंग्रजीत ‘लूझ’च्या वाक्यात हाच बाजूचा माणूस कर्ता होतो : ‘आय लॉस्ट माय पेन’, ‘ही लॉस्ट हिज फादर’. कर्त्याच्या जागी माणूस दिसला की त्याने काहीतरी केलं असणार, निदान निष्काळजीपणा तरी, असं आपल्या कानाला वाटतं. पण ‘लूझ’चा कर्ता काही करेलच असं नाही. त्याच्यापाशी जे होतं ते आता राहिलेलं नाही, इतकंच ते क्रियापद सांगतं. त्यात दोष आहे की नाही, हे पुढच्या-मागच्या मजकुरावरून ठरवायचं.

शब्दाचा इतिहासही तुमच्या नातवाच्या बाजूने आहे. जुन्या इंग्रजीत ‘लोसिअन’ असं क्रियापद होतं आणि त्याचा अर्थ होता नाश पावणे, नाहीसे होणे. वस्तू हातची जाणे हा अर्थ १२००च्या सुमाराला दिसू लागतो, आणि सामना किंवा डाव हरणे हा त्यानंतर. म्हणजे छत्री हरवण्याच्या अर्थाआधीपासून या शब्दात नाश आहे. ‘फॉरलॉर्न’ म्हणजे एकाकी, केविलवाणा. हा शब्दही याच कुळातला, ‘पुरतं गमावलेला’ हा त्याचा मूळ अर्थ. ‘लॉस्ट’मध्ये स आणि ‘लॉर्न’मध्ये र कसा, असं कुणी विचारेल, म्हणून सांगते. ‘वॉज’ आणि ‘वेअर’ या जोडीतही हाच बदल आहे. त्यामागचा नियम डेन्मार्कचे भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हर्नर यांनी १९व्या शतकात शोधून काढला.

मग ‘हरवले’ म्हणजे बेपत्ता, हे इंग्रजीत कसं सांगायचं? त्यासाठी ‘मिसिंग’ आहे. शिवाय संदर्भ असतोच. ‘वुई लॉस्ट हिम इन द क्राउड’ म्हणजे तो गर्दीत चुकला. ‘वुई लॉस्ट हिम इन जून’ म्हणजे तो जूनमध्ये गेला. एका वाक्यात जागा आली आहे, दुसऱ्यात काळ. दरवेळी एवढ्यावर भागत नाही, पण वाचणारा गोंधळत नाही तो अशाच खुणांमुळे.

आता अर्थांबद्दल. मी भाषांतराचं काम करते. ‘लूझ’ आलं की त्या ठिकाणी मी जो मराठी शब्द योजला तो एका कार्डावर टिपून ठेवते. त्या कार्डांवर ‘हरवणे’ फार कमी वेळा आलं आहे. नोकरी गमावणे. वजन घटणे. रक्त जाणे. झोप उडणे. वाट चुकणे. तोल जाणे. भान हरपणे. आवाज बसणे. संपर्क तुटणे. दृष्टी जाणे. विकेट पडणे. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजी एकाच क्रियापदावर काम भागवतं. मराठीत प्रत्येक गोष्ट आपापल्या रीतीने जाते. आवाज ‘हरवला’ म्हटलं तर ते कवितेत शोभेल, घसा बसलेल्या माणसाबद्दल नाही. म्हणून या शब्दाचा एक ठरीव मराठी प्रतिशब्द पाठ करू नका, मुलांनाही करायला लावू नका. काय गेलं ते आधी पाहा, मग क्रियापद आपोआप तोंडात येतं.

दोन जोड्या मात्र मुद्दाम लक्षात ठेवाव्यात. ‘लूझ हार्ट’ म्हणजे धीर सोडणे. ‘लूझ युवर हार्ट टू समवन’ म्हणजे कुणावर तरी जीव जडणे. दुसरी जोडी आपल्याला जास्त अडचणीत आणते, कारण मराठीत ‘हरवणे’ म्हणजे पराभव करणेही आहे. ‘मी त्याला हरवलं’ याचं इंग्रजी ‘आय बीट हिम’. ‘आय लॉस्ट टू हिम’ म्हणजे बरोबर उलट, मी त्याच्याकडून हरले. आणि ‘कडून’साठी इथे ‘टू’च येतं. ‘लॉस्ट फ्रॉम’ अशी चूक आपल्याकडे शिकलेल्यांच्या लिहिण्यातही आढळते. किती फरकाने हरलो हे सांगताना ‘बाय’ : ‘लॉस्ट बाय टेन रन्स’.

एक शेजारचा शब्द राहिला, ‘लॉस’. मराठीत आपण ‘लॉस झाला’ म्हणतो तो पैशाचा. त्यामुळे दुखवट्याच्या पत्रात ‘सॉरी फॉर युवर लॉस’ वाचलं की काहींना ते व्यवहारी वाटतं. तसं नाही. ते आदराचं, मनापासूनचं सांत्वन आहे, निःशंकपणे लिहावं. फक्त त्यातले पहिले शब्द बदलून ‘इट्स युवर लॉस’ होऊ देऊ नये. त्याचा अर्थ ‘नुकसान तुमचंच, मला काय त्याचं’ असा होतो.

प्रश्न : ‘लूझ’ आणि ‘लूज’ यांच्या स्पेलिंगमध्ये मुलगी नेहमी गोंधळते. तिने परवा ‘लूज्ड’ असंही लिहिलं होतं.

उत्तर : गमावणे या अर्थाच्या शब्दात ओ एकच, आणि शेवटचा उच्चार झ सारखा. सैल या अर्थाच्या शब्दात ओ दोन, आणि शेवटी स्पष्ट स : लूस. मराठीत आपण दोन्हींना ‘लूज’ म्हणतो, म्हणून कान मदत करत नाही. तिला आधी उच्चार वेगळे करायला लावा. दुसरी अडचण इंग्रजीचीच आहे. ‘चूझ’ यमकात ‘लूझ’शी जुळतो, पण त्यात ओ दोन आहेत. मुलं त्याच्यावरून अंदाज बांधतात, आणि तो अंदाज तर्काला धरूनच असतो. तेव्हा रागवू नका. ‘लूझ’चा भूतकाळ ‘लॉस्ट’. दोन ओ असलेल्या शब्दाला ‘ड’ लावलेलं रूप इंग्रजीत आहे, पण त्याचा अर्थ मोकळं सोडलं, उदाहरणार्थ धनुष्यातून बाण.

प्रश्न : वस्तू घरातच कुठेतरी आहे, पण आठवत नाही. तरी ‘लॉस्ट’च म्हणायचं का?

उत्तर : बोलताना सगळे म्हणतात. नेमकं लिहायचं असेल तर ‘मिसप्लेस’ किंवा ‘मिसले’ वापरा. यात वस्तू आपणच कुठेतरी ठेवली आहे आणि ती सापडेल, अशी आशा असते. ‘मिसले’चा भूतकाळ ‘मिसलेड’. तक्रारअर्जात किंवा विम्याच्या कागदावर मात्र शब्द जपून निवडा : ‘लॉस्ट’ म्हणजे हरवलं, ‘स्टोलन’ म्हणजे चोरीला गेलं. पुढची कारवाई या एका शब्दावरून वेगळी होऊ शकते, आणि चोरी झाल्याची खात्री नसेल तर ‘स्टोलन’ लिहू नये.

प्रश्न : घड्याळाबद्दल ‘इट लूझेस फाइव्ह मिनिट्स अ डे’ असं वाचलं. म्हणजे ते पुढे जातं की मागे?

उत्तर : मागे. रोज पाच मिनिटं मागे पडतं. पुढे जात असेल तर ‘गेन्स’.