सुट्ट्याचं पोतं

११ एप्रिल २०२१

अरे, काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी जेवत होतो म्हणून नीट बोललो नाही, आणि खरं सांगायचं तर चिडलो पण होतो. काका लॉकडाऊन खरंच लागणार का, माल डबल भरू का, सोसायटीवाल्यांची व्हॉट्सअपवर लिस्ट आलीय ती देऊ का नको, एका दमात दहा प्रश्न. लागणार का हे मला कसं कळणार? काल मुंबईत सर्वपक्षीय बैठक झाली, आज कोरोना टास्क फोर्सची आहे, परवा पाडवा, त्यांचंच अजून ठरेना. बाबा आत्ता कुठं बरे होऊन घरी आलेत, दुकान तुझ्या अंगावर पडलंय, कळतं मला. फोनवर मी ओरडतो, म्हणून लिहितोय.

सुट्ट्याचं पोतं, म्हणजे ज्यातनं आपण पाव-अर्धा किलो सुट्टं विकतो ते, फोडून ठेव आणि ते कुणालाही अख्खं देऊ नकोस. बाकी माझं काही ऐकलं नाहीस तरी चालेल.

तू म्हणालास लोकांना अक्कलच नाही, अफवा आली की धावत सुटतात. थांब जरा. गेल्या वर्षी २४ मार्चला रात्री आठला टीव्हीवर सांगितलं आणि बाराला सगळं बंद. चार तास मिळाले माणसांना. किराणा चालू राहणार हे कळायच्या आत लोक चपला घालून बाहेर पडलेले. मग आता कुणी कुजबुजलं तरी तो पिशवी घेऊनच निघणार, त्यात वेडेपणा काय? २०१६ ला नोटाबंदीनंतर तीन दिवसांत मीठ संपलं म्हणून उठलं होतं, उत्तरेत २०० रुपये किलोनं विकलं गेलं म्हणे, तो वेडेपणा म्हण हवं तर, एवढा समुद्रकिनारा असलेल्या देशात मीठ संपतंय होय! पण लॉकडाऊन ही मिठाची गोष्ट नाही, तो एकदा खरा झालेला आहे. रेमडेसिविर इंजेक्शनच्या रांगा बघितल्यास ना? कुर्ला टर्मिनसवर गर्दी होते म्हणून प्लॅटफॉर्म तिकीट बंद केलंय. तर दुकानावर 'घाबरू नका, माल भरपूर आहे' असा बोर्ड अजिबात लावू नकोस. मी लावला होता. तो वाचून जास्त आले.

गेल्या वर्षीचं सांगतो, तुझ्या बाबांनाही पूर्ण सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाडवा होता. दाराला साखरेच्या गाठ्या टांगलेल्या, पांढऱ्या, गुलाबी, आणि त्या रात्री त्यांच्याकडं एकानंही बघितलं नाही, लोकांची डोकी लागून त्या नुसत्या हलत होत्या. साडेआठपर्यंत दुकानासमोर रस्ता दिसेना. एमआयडीसीतल्या एका साहेबांची गाडी मागच्या दाराला लागली, वीस वर्षांचं गिऱ्हाईक, त्यांना तेलाचे दोन डबे, आटा आणि तांदळाचं जे पोतं मी सुट्ट्यासाठी फोडलेलं होतं ते, तोंड शिवून दिलं. सुतळीनं, स्वतःच्या हातानं. किलोमागं दोन रुपये जास्त लावले, कारण मागून येणारा माल महाग येणार हे दिसत होतं, आणि आलाही, म्हणजे त्यात माझी चूक नव्हती.

साडेनऊला एक बाई आली. बांधकामावर जाणारी, लातूरकडची, रोज संध्याकाळी यायची. पाव किलो तांदूळ, पाचची चटणी, दहाचं तेल, स्टीलच्या छोट्या डब्यात. (सुट्टं तेल विकायचं नाही हा नियम मला सांगू नकोस, दहा रुपयांत पिशवी येत नाही.) मी म्हटलं संपलं, उद्या ये. तिनं आधी रिकाम्या पोत्याच्या जागेकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि गेली. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

उद्या कुठलं काय. मार्केट यार्डात हमाल नाहीत, टेम्पोला पास नाही, नाक्यावर पोलीस. पुढं पेपरात वाचलं की तेव्हा सरकारी गोदामांत साडेपाच कोटी टनांच्या वर गहू-तांदूळ पडून होता. असेल. माझ्या दुकानात चालू खपाचा आठ-दहा दिवसांचा माल असतो, तुझ्यातही तेवढाच. महिन्याची लिस्ट चाळीस घरांनी एका संध्याकाळी उचलली की देशात कितीही धान्य असू दे, आपलं फडताळ रिकामं. आणि त्याचा फटका लिस्टवाल्याला बसत नाही रे, ज्याला रोजचा पगार रोज मिळतो आणि जो रोजचं रोज घेतो त्याला बसतो. तो साठा करूच शकत नाही. त्याचा साठा म्हणजे आपलं पोतं. मला पाच दिवसांनी माल मिळाला.

म्हणून सुट्ट्याचं पोतं. तांदूळ, साखर, तूरडाळ, आटा, एकेक फोडून दारातच ठेव, काट्याच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल असं. त्यातनं अर्ध्या किलोच्या वर कुणाला नाही. सोसायटीवाल्यांना लिस्टमधलं निम्मं दे, पुढच्या आठवड्यात निम्मं, रागावले तर रागावू देत. गिऱ्हाईक तुटेल म्हणतोस ना? माझे ते साहेब मे महिन्यातच ऑनलाइन मागवायला लागले, ज्यांच्यासाठी मी पोतं शिवलं ते! आणि बाई ऑक्टोबरात परत आली गावाकडनं. रोज संध्याकाळी माझ्या दुकानावरनं चालत चौकातल्या दुकानात जाते, तोच डबा घेऊन. मी काय मुद्दाम केलं होतं? त्या गर्दीत कुणाचंही तेच झालं असतं, तू असतास तर तूही तेच केलं असतंस. हाक मारावी असं दहादा मनात आलं. नाही मारत.

त्या रात्री साडेअकराला शटर ओढलं, गल्ला मोजला, आठवड्याचा धंदा तीन तासांत झालेला, आणि मी खुशीत झोपलो. हे पण लिहून ठेवतो, बाबांना दाखवलंस तरी हरकत नाही.

गाठ्या यंदा कमी घे, गेल्या वर्षीच्या मी जूनपर्यंत पोरांना वाटत होतो. डबल माल भरायच्या भानगडीत पडू नकोस, आडत्याची उधारी अंगावर येते. उद्या सकाळी सातला माझा टेम्पो निघतोय, त्यात तुझी सहा पोती टाकतो, दोन सुट्ट्याची धरून. गाडी दारात आल्यावर किल्ली शोधत बसू नकोस, आणि ड्रायव्हरला चहा पाज.