“मॅडम, या गोळ्यांची सवय लागेल ना?”

हे विचारायला आलेल्या ताईंनी उत्तराची वाट न बघता चार दिवसांपूर्वी मनाच्या आजाराच्या गोळ्या बंदच करून टाकल्या होत्या. वय 52. हाताची बोटं थरथरत होती, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. नणंद म्हणाली होती, “एकदा लागली की जन्मभर सुटत नाही.” आता त्यांना वाटत होतं, आजारच बळावला.

मी पर्समधल्या गोळ्या टेबलावर ठेवायला सांगितल्या. दोन पाकिटं निघाली. एक एस्सिटालोप्रॅम, म्हणजे नैराश्य आणि चिंतेवरची गोळी. तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ, थोडी बेचैनी होते, पण तिची तलफ लागत नाही. दुसरी क्लोनाझेपाम, घबराट शमवणारी, झोप आणणारी गोळी. तिचं तसं नाही. तिने तासाभरात शांत वाटतं, आणि म्हणूनच ती थोड्या दिवसांसाठी देतात. ताई जुन्याच चिठ्ठीवर पाच महिने घेत होत्या. पाकिटावरची उभी लाल रेघ मी दाखवली, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नका, ही खूण. “ही तर मला नक्षी वाटली!”

नणंदेची भीती अगदीच खोटी नव्हती. पण सवय लागलेली गोळी एकदम तोडणं जास्त घातक. झोप उडते, छाती धडधडते, कधी फिटही येते. ताईंना होत होतं ते औषध तुटल्याचं असावं. मी समुपदेशक, औषध लिहून देणं किंवा बदलणं माझं काम नाही. मी तिथूनच त्यांच्या मनोविकारतज्ज्ञांना फोन लावला. त्यांनी दोन्ही गोळ्या पुन्हा सुरू करून क्लोनाझेपाम अगदी हळूहळू, तीन महिन्यांत कमी करत आणायची ठरवली.

मग मी नेहमीचे प्रश्न विचारले. दारू? नाही. गाडी? नाही. सर्दीची गोळी? “हो, झोपताना.” तिनेही गुंगी वाढते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी, “घरात आणखी कुणी घेतं का?” ताई थांबल्या. 78 वर्षांच्या सासूबाईंना झोप येत नाही, म्हणून त्या कधीकधी अर्धी द्यायच्या. गेल्या महिन्यात सासूबाई रात्री बाथरूमला जाताना पडल्या होत्या. ताईंनी तोवर या दोन गोष्टी जोडूनच पाहिल्या नव्हत्या. त्या बराच वेळ रडल्या. मीही घाई केली नाही.

पुढच्या भेटीला त्या वही घेऊन आल्या. रोजच्या तारखेपुढे रात्रीची मात्रा लिहिलेली. एका तारखेपुढे होतं: “आईंनी मागितली. दिली नाही. दूध दिलं, पाय चेपले.”